सोमवारवाले डोळ्यांनी शिकतात

माणसं पाच प्रकारांनी शिकतात, हे मी साठ जणांच्या सह्यांनिशी सिद्ध केलं होतं. काही पाहून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून, आणि काहींच्या हाताला काहीतरी चिकटल्याशिवाय त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पाचवा प्रकार मिश्र. तो संशोधकांनी उरलेल्यांसाठी ठेवला आहे, जसा आपण स्वयंपाकघरात एक खण कशातच न बसणाऱ्या वस्तूंसाठी ठेवतो. हे सगळं माझ्या सारणी क्रमांक चारमध्ये होतं, आणि ती सारणी इतकी देखणी होती की जेवताना मी ती मोबाइलवर उघडून बघत असे.

मुळात काम लहान होतं. हे मी आजही म्हणते. मनिलापासून दूर, आमच्या छोट्या गावातल्या अध्यापक महाविद्यालयात मी विज्ञान शिकवते, म्हणजे जे उद्या शाळांत विज्ञान शिकवणार त्यांना ते कसं शिकवायचं हे शिकवते. पाच वर्षं झाली. फक्त एम.ए.चा प्रबंध तेवढा राहिला होता. पहिल्या वर्षी पिपाय पोटात होती, दुसऱ्या वर्षी मांडीवर, तिसऱ्या वर्षी कीबोर्डवर. चौथ्या वर्षी तिला खोकला होता. पाचव्या वर्षी डीन प्युरिता मॅमनी मला बोलावलं आणि खुर्ची दिली. आमच्याकडे डीननी आपणहून खुर्ची दिली की बातमी वाईट असते.

"रोडालिन, एकतीस मेपर्यंत पदवी हातात नसेल तर पुढच्या वर्षी तुला पूर्णवेळ ठेवता येणार नाही. नियम वरून आलाय. मी काय करू, मीही खालीच बसते."

पूर्णवेळ नाही याचा आमच्या घरात अर्थ एकच होता, थायलंड. माझी मोठी बहीण गिंगगिंग तिथल्या एका शाळेत शिकवते आणि दर रविवारी मला कळवते की त्यांच्याकडे विज्ञानाची एक जागा रिकामी आहे. पगार चांगला, खोली मोफत. ती सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या धाकट्याला "आई कुठे आहे" असं विचारलं की तो मोबाइलच्या चार्जरकडे बोट दाखवतो. मी तेव्हापासून आमच्या घरातला चार्जर पिपायला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवते. मी घाबरट नाही. मी फक्त पुढचं बघते.

म्हणून विषय मुद्दाम लहान निवडला: विज्ञानाच्या प्रशिक्षणार्थी शिक्षकांना कोणत्या पद्धतीने शिकायला आवडतं. चाळीस प्रश्न, तिसऱ्या वर्षाचे साठ विद्यार्थी. वाटायचं, गोळा करायचं, मोजायचं, छापायचं. तीन आठवडे, फार तर चार.

प्रश्नावलीची चाचणी मी घरापासून केली. आर्नेल, म्हणजे माझा नवरा, वीज सहकारी संस्थेत खांबावर चढतो. तो हात लावून शिकणारा निघाला. त्याचा व्यवसाय लक्षात घेता मला हे अजिबात आवडलं नाही. पिपायचीही चाचणी घेतली. ती चार वर्षांची, म्हणून प्रश्न मी विचारले आणि उत्तरं तिने दिली. गोष्ट ऐकायला आवडते का चित्र बघायला, या प्रश्नावर तिने कागद खाल्ला. त्याची मी तोंडाने घेतलेली माहिती अशी नोंद केली.

आमच्या समोर मनांग पासिंग, म्हणजे पासिंगताई, राहतात. अडतीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाल्या आणि आता पुढच्या खिडकीतून साबण, सार्डिनचे डबे आणि सल्ले देतात. सल्ले कुणी मागत नाही तरी खपतात.

"किती प्रकार म्हणालीस?"

"पाच, मनांग."

"मला दोनच माहीत आहेत. न्याहारी करून आलेलं आणि न करून आलेलं."

"हे कुठल्या ग्रंथात नाही, मनांग."

"ग्रंथ लिहिणारे न्याहारी करून बसतात, इंदाय. त्यांना कसं कळणार?"

आमच्याकडे कुठल्याही मुलीला इंदाय म्हणतात. मी साबण घेऊन घरी आले. संशोधकाने शेजारी मनावर घेऊ नयेत.

आता परवानग्या. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला आमच्याकडे एक विनंतीपत्र लागतं आणि त्याच्या तळाशी पाच सह्या. सादर केलं, पाहिलं, शिफारस केली, पुन्हा पाहिलं, मंजूर. पाहिलं म्हणणारे सर शिफारशीची सही आधी झाल्याशिवाय पाहत नव्हते, आणि शिफारस करणाऱ्या मॅम म्हणत होत्या, कुणी पाहिलंच नाही त्याची शिफारस कशी करू. मी अकरा दिवस एका दारातून दुसऱ्या दारात गेले. शेवटी संशोधन कक्षातले मानोंग बेनिंग, म्हणजे बेनिंगदादा, ज्यांच्या खणात तो एकमेव शिक्का असतो, त्यांनी दोघांना एकाच वेळी कॉफीला बोलावलं आणि मी कागद मधे सरकवला. मग प्रश्नावली तीन तज्ज्ञांनी तपासली. पहिल्यांच्या मते प्रश्न लांब होते, दुसऱ्यांच्या मते त्रोटक. तिसऱ्यांनी प्रश्न वाचलेच नाहीत, पण माझ्या नावात आईच्या माहेरचं आद्याक्षर राहिलंय हे तांबड्या शाईत दाखवलं. मी लांब प्रश्न तोडले, त्रोटक वाढवले, आद्याक्षर घातलं. प्रश्नावली होती तिथेच आली, पण आता ती तपासलेली होती.

वाटपाच्या दिवशी मी तांदळाचे पांढरे वाफवलेले पुटो नेले, प्रत्येकी दोन. नुसता कागद दिला तर लोक भरतात, पण मनापासून भरत नाहीत. वर्गाची मेयर उभी राहिली. आमच्याकडे प्रत्येक वर्ग आपला मेयर निवडतो, आणि तिसऱ्या वर्षाची मेयर लव्हली जॉय ही इतकी कार्यक्षम मुलगी होती की खऱ्या मेयरने तिच्याकडे शिकवणी लावावी.

"मॅम, तुम्ही कशाला थांबता? आम्ही भरून, लावून, बांधून आणून देतो."

तेवढ्यात बालवाडीतून निरोप आला की पिपाय शिंकली. एकदा. मी गेले. संपूर्ण संशोधनात माझ्याकडून झालेली चूक ती एवढीच, आणि ती मी आईपणाच्या खात्यात टाकते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर साठ प्रश्नावल्या होत्या. आडनावाप्रमाणे लावलेल्या, निळ्या फितीने बांधलेल्या, एकही प्रश्न रिकामा नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नावल्या परत येतात तेव्हा त्यांवर सॉसचे डाग असतात आणि निम्म्यांवर हृदयाची चित्रं. माझ्या इस्त्री केल्यासारख्या आल्या. मला त्या मुलांचा अभिमान वाटला. थोडा स्वतःचाही वाटला.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर मी मोजायला बसले. पाहून शिकणारे बारा. ऐकून शिकणारे बारा. वाचून बारा. हात लावून बारा. मिश्र बारा. मी पुन्हा मोजलं. आर्नेलला मोजायला लावलं. त्याने हात लावून मोजलं, तरी बाराच.

इथे दुसरं कुणी असतं तर त्याला शंका आली असती. मला आनंद झाला. निसर्गाने माणसांना शिकण्याच्या पद्धती वाटताना कुणावरही अन्याय केलेला नाही, हे आमच्या छोट्या गावात, माझ्या टेबलावर, सिद्ध झालं होतं. पाचव्या प्रकरणात मी 'निसर्गाचा निःपक्षपातीपणा' असा उपविभाग घातला. गिंगगिंगला कळवलं की ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही. परीक्षक मंडळाच्या प्रमुख डॉ. एस्कारिल्या यांच्याकडे कच्चा मसुदा पाठवला. त्या हिरव्या शाईने समासात 'का?' असं लिहितात, आणि या एका शब्दाने त्यांनी कितीतरी प्रबंध गाडले आहेत. माझ्या सारणी चारशेजारी त्यांनी 'का??' लिहिलं होतं. दोन प्रश्नचिन्हं मी कुतूहल समजले.

मग सर तेरॉय. आमच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र कळणारे एकटेच, त्यामुळे त्यांच्या दाराशी कायम रांग, आणि रांगेत प्रत्येकाच्या हातात काहीतरी खायचं. मी माडाच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे इबोस आणि एक पिकलेला आंबा नेला. त्यांनी इबोसचं पान सोडलं, आकडे संगणकात घातले, आणि चावणं थांबवलं.

"शून्य आलंय."

"शून्य म्हणजे वाईट, सर?"

"वाईट नाही. शून्य म्हणजे अपेक्षेत आणि प्रत्यक्षात काडीचाही फरक नाही. अठ्ठावीस वर्षांत मी हे शून्य पाहिलेलं नाही, मॅम. मी ते पुस्तकातच असतं असं समजत होतो."

"निसर्गाचा समतोल असेल, सर."

त्यांनी दुसरा इबोस सोडला. "निसर्ग इतका शिस्तीचा असता तर मला नोकरी कुणी दिली असती?"

मी अपमान गिळून बाहेर पडले. खरं तर मी दुसऱ्याच कामाला निघाले होते. एका संमतिपत्रावर सही राहिली होती, म्हणून पाचही प्रकारांच्या नावांच्या याद्या घेऊन मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात गेले. मधली सुट्टी होती. फळ्याच्या शेजारी सफाईचा तक्ता लावलेला होता, प्रत्येक वर्गात असतो तसा. रंगीत कागदाचे पाच ढग, सोमवार ते शुक्रवार, आणि प्रत्येक ढगात त्या दिवशी वर्ग झाडणाऱ्यांची नावं. मी सहज सोमवारचा ढग वाचला. आबानिल्या, बेदिया, कातालान. नावं ओळखीची वाटली. हातातली पहिली यादी वाचली. आबानिल्या, बेदिया, कातालान. सोमवारचे बाराही जण डोळ्यांनी शिकत होते.

मी नजरेने बारीक आहे. पिपायच्या पाठीवरचे डास मी चावायच्या आधी मोजलेले आहेत. मी यादीवर बोट ठेवून पाचही ढग ताडून पाहिले. मंगळवार कान. बुधवार वाचन. गुरुवार हात. शुक्रवारवाले, ज्यांना झाडून वर कचराही न्यावा लागतो, ते मिश्र.

"मेयर," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"सफाईचा तक्ता, मॅम."

"आणि हे?" मी माझी यादी पुढे केली.

लव्हली जॉयने ती नीट वाचली. "तोच तक्ता, मॅम. झाडूशिवाय."

मी बाकावर बसले. तिने पंखा माझ्याकडे वळवला, आणि अजिबात न ओशाळता सगळं सांगितलं.

"मॅम, गेल्या वर्षी एका सरांच्या प्रश्नावलीत सगळ्यांनी सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' वर खूण केली. सरांना बरं वाटावं म्हणून. तर परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. सर स्वच्छतागृहात जाऊन रडले, आम्हाला बाहेर ऐकू आलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून आम्ही बैठक घेतली. एकही रकाना रिकामा राहता कामा नये असं ठरलं. कुणी म्हणालं, सायन्सचे आहोत, हातवाले जास्त दाखवू. मतदान झालं. समान वाटपाला बहुमत मिळालं, आणि समान गट आमच्याकडे तयारच होते."

"वर लिहिलं होतं की प्रामाणिकपणे भरा."

"ते सगळ्याच कागदांवर लिहिलेलं असतं, मॅम."

"तू स्वतः कशी शिकतेस?"

तिने तक्त्याकडे बघितलं. "मी मंगळवार," ती म्हणाली. "म्हणजे कान."

मागच्या बाकावरून देलफिन नावाचा मुलगा उठला. "मॅम, मी बुधवारचा होतो. पण मला वाचायचा कंटाळा, म्हणून रिसाबरोबर गुरुवार बदलून घेतला. आता मी झाडतोही गुरुवारीच."

तक्त्यावर खरंच तिथे खाडाखोड होती. साठ जणांत एवढी एक खरी माहिती मिळाली.

तोंडी परीक्षा चौदा दिवसांवर होती. नवी प्रश्नावली वाटायची तर पाच सह्या पुन्हा, आणि त्यातल्या दोन सह्या प्रशिक्षणासाठी मनिलाला गेल्या होत्या. मी घरी जाताना मनांग पासिंगच्या खिडकीशी थांबले. मला काही विकत घ्यायचं नव्हतं, हे त्यांनी लगेच ओळखलं आणि स्टूल बाहेर दिलं. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. निदान मी सांगत असेपर्यंत तरी हसल्या नाहीत.

"दोन आकडे हलव," त्या म्हणाल्या. "इथे अकरा कर, तिथे तेरा. कोण बघतंय?"

मी घरी येऊन तसं केलं. सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. बाराचे अकरा केले, शेजारच्या बाराचे तेरा, आणखी एका ठिकाणी चौदा, आणि बेरीज जुळावी म्हणून दुसरीकडे दहा. सारणी चार एकदम खरी दिसायला लागली. आधीपेक्षा कितीतरी खरी. पिपाय माझ्या मांडीवर चढून बटणं दाबायला बघत होती आणि मी तिचे हात धरून त्या आकड्यांकडे बघत होते. चौदा छान होता. चौदाला थायलंड माहीत नव्हतं.

पण दोन आठवड्यांपूर्वीच मी याच वर्गाला लंबकाचा प्रयोग दिला होता, आणि तीन गटांनी लंबक न हलवताच आकडे लिहिले होते. त्यावर मी पाऊण तास बोलले होते. मोजमाप म्हणजे काय, खोटं मोजमाप म्हणजे काय, आणि जो शिक्षक आकडे बनवतो त्याच्या वर्गातली मुलं पुढे काय बनतात. मी फार चांगलं बोलले होते. लव्हली जॉयने ते वहीत उतरवून घेतलं होतं. आता बारा-बारा माहीत असलेले साठ साक्षीदार होते आणि त्यांना उद्या शाळाशाळांत जाऊन हेच सांगायचं होतं. मी सगळ्यांचे परत बारा केले. ते करताना दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. पिपाय बटणं ओढत होती म्हणून, असं मी आर्नेलला सांगितलं.

गिंगगिंगचा निरोप आला, "जागा अजून आहे. फॉर्म पाठवू?" मी उत्तर लिहिलं नाही. पाठवू नको असंही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनांग पासिंगनी मला रस्त्यातच गाठलं. "ऐक. मुलाला विचारून कधी खरं कळतं का? 'बाळ, तू कसा शिकतोस?' त्याला काय ठाऊक? आणि मोठी झाली की तुला बरं वाटेल तेच सांगतात. मी अडतीस वर्षं कुणाला विचारलं नाही. मी बघत बसले."

अडतीस वर्षांतला हा एक सल्ला त्यांनी साबणाशिवाय दिला, आणि तो कामाचा निघाला.

मी मानोंग बेनिंगकडे गेले. पद्धत बदलायची असेल तर कुठला कागद, किती सह्या, आणि कोणती सही मनिलाला आहे, हे विचारायला. त्यांनी खण उघडला, एक पिवळा पडलेला अर्ज काढला. "स्वतःच्या वर्गात, नेहमीच्या तासाला नुसतं निरीक्षण करायचं असेल तर मंडळप्रमुखांची एकच सही. मुलांची संमती तासानंतर घेतली तरी चालते."

"एकच? मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही आधी बघणार कुठे होता, मॅम? तुम्ही विचारणार होता."

डॉ. एस्कारिल्यांनी अर्ज वाचला. वाचताना त्यांचं पेन समासावर टेकलेलं होतं. त्यांनी हिरव्या शाईत 'करा' लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. मी कागद उलटूनही पाहिला.

माझी एकच अट होती, मेयरला कळता कामा नये. तिला कळलं असतं तर तिने पुन्हा मदत केली असती.

मी प्रयोगशाळेत एक टोक भिंतीला टेकलेलं लांब टेबल लावलं. पंधरा जणांची एक तुकडी, दिवसाला एक, असे चार दिवस. तोवर बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, असं प्रत्येक तुकडीला बजावलं. प्रत्येकापुढे एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. यातून फिरणारी मोटर करायची. शिवाय प्रत्येकाला एक चित्राचा कागद, एक लेखी सूचनांचा कागद, आणि कानात घालायला यंत्र, ज्यात माझ्याच आवाजात सगळं सांगितलेलं. गोम एवढीच की तारेच्या एका टोकावरची लाख अर्ध्याच बाजूने खरवडायची असते. पूर्ण खरवडली तर वेटोळं थरथरतं आणि थांबतं. ही गोम चित्रात होती, लेखात होती, माझ्या आवाजातही होती. पाहणाऱ्याने पाहावं, ऐकणाऱ्याने ऐकावं, हातवाल्याने सरळ तार उचलावी. कोपऱ्यात मी वही घेऊन बसले आणि दुसऱ्या कोपऱ्यात मनांग पासिंग, हातपंखा घेऊन, सहनिरीक्षक म्हणून. त्यांनी त्यासाठी केस रंगवले होते.

"सुरू करा," मी म्हणाले.

पहिलं अर्धं मिनिट कुणी चित्र उचललं नाही. कुणी कागद वाचला नाही. कुणी कानात काही घातलं नाही. तारेला कुणाचं बोटही लागलं नाही. पंधराच्या पंधरा माना शेजारी वळल्या.

"इंदाय, हे कसं करायचं गं?"

इंदाय तिच्या शेजारणीकडे वळली, ती तिच्या शेजाऱ्याकडे, आणि तो प्रश्न त्या लांब टेबलावरून माझ्या डोळ्यांदेखत सरकत गेला. टेबलाच्या टोकाला दिओनेला बसली होती. चौदा जण तिच्याकडे बघत होते. ती पुढे वळली. पुढे भिंत होती. तिने थोडा वेळ भिंतीकडे बघितलं, आणि मग दुसरा इलाज नाही म्हणून लेखी सूचनांचा कागद उचलला. तिला कळलं. तिने शेजारच्याला दाखवलं, त्याने त्याच्या शेजारणीला, आणि उत्तर आल्या वाटेने परत गेलं. जाताना सुधारतही गेलं, कारण मधे देलफिनने सेफ्टी पीन वाकवायची सोपी युक्ती शोधली आणि तीही पुढे गेली. तेराव्या मिनिटाला पंधरा मोटरी फिरत होत्या.

मनांग पासिंग पंखा हलवायच्या थांबल्या होत्या. "बघ," त्या म्हणाल्या. एका शब्दात त्यांचा सल्ला संपला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी भिंतीशी मी मुद्दाम लव्हली जॉयला बसवलं. तिने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. तिने आधी चित्र पाहिलं, मग कागद वाचला, मग कानात यंत्र घातलं, तार उचलली, आणि वेटोळं फिरायला लागल्यावर तिचा चेहरा असा झाला की मी नोंद करायची विसरले. तास संपल्यावर मी सगळ्यांना खरं सांगितलं, संमतिपत्रं दिली, आणि पुटो अजिबात दिले नाहीत.

"मॅम," लव्हली जॉय सही करताना म्हणाली, "मला वाचूनही कळतं वाटतं."

"तू मंगळवार होतीस ना?"

"ते झाडण्यापुरतं, मॅम."

साठपैकी छप्पन्न जण आधी शेजाऱ्याला विचारून शिकले. उरलेल्या चौघांच्या शेजारी भिंत होती.

तोंडी परीक्षेच्या खोलीत खाणं न्यायला बंदी आहे, त्यामुळे ते शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून मांडतात. तिसऱ्या वर्षाने पान्सितचं, म्हणजे परतलेल्या शेवयांचं, मोठं पातेलं आणलं होतं आणि त्याचा वास माझ्या प्रस्तावनेत मिसळत होता. टेबलामागे तिघं. मधे मनिलाहून परतलेल्या डीन प्युरिता मॅम, उजवीकडे डॉ. एस्कारिल्या, आणि डावीकडे, भिंतीला टेकून, सर तेरॉय. बाहेर दारात साठ जण, आणि पिपाय लव्हली जॉयच्या कडेवर. पिपाय शिंकली. मी वळले नाही.

"तुमची सारणी चार बनावट आहे," डॉ. एस्कारिल्या म्हणाल्या.

"हो, मॅम. ती कुणी बनवली, कशी बनवली आणि का बनवली, हे सारणी पाचमध्ये आहे."

"म्हणजे विद्यार्थ्यांनी तुम्हाला फसवलं."

"मदत केली, मॅम. फसवायचं असतं तर आकडे इतके नीट आले नसते."

सर तेरॉयनी मान डोलावली. शून्य आठवून असेल.

"आणि हा शेजाऱ्याला विचारून शिकायचा प्रकार. हा कोणत्या ग्रंथात आहे?"

"प्रश्नावली जिथून घेतली, त्या ग्रंथात तरी नाही. तिथे सगळे एकटे बसून शिकतात. मी साठ जण बघितले आणि चौघांनाच एकटं बसावं लागलं."

"बरं, मग त्याचा उपयोग काय?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. पण घाबरायला वेळही नव्हता, त्यामुळे जे होतं ते बोलले. "मॅम, वर्षभरात हे साठ जण साठ वर्गांत उभे राहतील आणि पहिलं वाक्य म्हणतील, शेजाऱ्याशी बोलू नका. ते म्हणण्याआधी, ते स्वतः कसे शिकले हे त्यांना माहीत असावं. एवढाच उपयोग आहे."

डॉ. एस्कारिल्यांनी पेनाचं टोपण काढलं, काही लिहिलं नाही, टोपण लावलं. "बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. "आम्ही गुण देतो."

नियमाप्रमाणे तिन्ही परीक्षक आपापल्या कागदावर स्वतंत्रपणे गुण लिहितात आणि चर्चा मागाहून होते. दाराला काचेची उभी पट्टी आहे. बघू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, मी शोधला. मी पिपायला कडेवर घेतलं आणि काचेशी उभी राहिले. पाठीमागे साठ जण एकमेकांना विचारत होते की काय झालं.

आत डॉ. एस्कारिल्या कोऱ्या कागदाकडे बघत होत्या. मग त्यांची मान हळूच डीन मॅमच्या कागदाकडे वळली. डीन मॅमचा कागदही कोरा होता. डीन मॅम सर तेरॉयकडे वळल्या. सर तेरॉय पलीकडे वळले, तिथे भिंत होती. त्यांनी थोडा वेळ भिंतीकडे बघितलं, मग खिशातून गणकयंत्र काढलं, काहीतरी केलं, एक आकडा लिहिला, आणि हात जरा बाजूला घेतला, कागद दिसेल इतका. डीन मॅमनी लिहिलं. मग त्यांनीही हात बाजूला घेतला.

मला आत बोलावलं. उत्तीर्ण. आमच्याकडे एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास. तिन्ही कागदांवर एक पूर्णांक पाच, तिन्ही वेगवेगळ्या शाईत. 'निसर्गाचा निःपक्षपातीपणा' हा उपविभाग काढून टाकायचा आणि एका आठवड्यात बांधणी करून द्यायची. डीन मॅमनी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक माझ्या हातात ठेवलं. सोमवार ते शुक्रवार, पूर्णवेळ, सकाळचे पहिले तास. मी खुर्चीकडे बघितलं, पण या वेळी ती कुणी पुढे केली नाही, म्हणून उभ्यानेच वाचलं.

बाहेर येऊन मी आधी गिंगगिंगला लिहिलं, "फॉर्म पाठवू नको." मग पान्सित वाढायला घेतलं.

"मॅम, आत इतका वेळ काय चाललं होतं?" लव्हली जॉयने विचारलं. "तुम्ही काचेतून बघत होता ना?"

"मूल्यमापन," मी म्हणाले.

जे बघितलं त्याची नोंद मी प्रबंधात केली नाही. मोह झाला. पण नमुना फक्त तिघांचा होता.